चार कोपऱ्यांच्या खुंट्या

३ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक पिशवी आणि ह्यांचा जुना स्वेटर. तो मागे ठेवायचा असं दहा वेळा ठरवलं होतं, निघताना आपसूक हातात आला. जाऊन वर्ष झालं तरी माणसाचा स्वेटर काही घर सोडत नाही.

खोल्या दोनच आहेत, पण ऑफिसच्या मागच्याच बाजूला, म्हणजे कामावर उशीर झाला तर सांगायला कारणही उरणार नाही. ओटा उंचीला बरोबर. नळाला पाणी. पश्चिमेच्या खिडकीवर वेल चढली होती, ती मी येणार म्हणून कालच छाटली असं मुकादम म्हणाले. काचेवर तिच्या मुळांचे बारीक ठसे राहिलेत, उद्या घासून काढीन. मुकादम गोल, हसरे, पन्नाशीचे आहेत. माझ्या बॅगा त्यांनीच उचलून आणल्या आणि दारात टेकवून खुर्चीत बसले. मी म्हटलं, दगड नाहीत हो, पुस्तकं आहेत. ते हसले, आणि हसून झाल्यावरही पंधरा मिनिटं बसूनच राहिले.

संध्याकाळी लेकीचा फोन. सहावा महिना लागलाय. जूनअखेरची तारीख दिलीय डॉक्टरांनी. मागच्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं तेव्हा मी ह्यांच्या उशाशी होते, उठून जाता आलं नाही. ती कधी बोलून दाखवत नाही, पण ते माझ्या मनातून जात नाही. या वेळी पंधरा जूनच्या आत मी तिथे असणार, आणि धडधाकट असणार. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाही. तिनं विचारलं, नव्या गावात जीव रमेल ना. म्हटलं, अगं, सहा वर्षं दिवसा ऑफिस आणि रात्री तुझ्या बाबांची शुश्रूषा अशा दोन नोकऱ्या केल्या, आता एकच आहे.

५ मार्च

काम पाहिलं. सोपं आहे, फक्त न संपणारं आहे. टेकडी, नाल्याचा काठ, शाळेमागचं मैदान, सगळीकडे ही एकच वेल. गाव तिला पाहुणी म्हणतं. पानं जाड, गडद, दिसायला देखणी. तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही.

पद्धत अशी. दहा पावलांचा चौकोन आखायचा, चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. मग आतली वेल मुळासकट उपटायची आणि काळ्या पिशव्यांत भरून उन्हात शिजू द्यायची. नखाएवढा तुकडा राहिला आणि त्याला एक पेर असलं, की तो पुन्हा रुजतो. म्हणून घरी जाताना प्रत्येकानं बूट ब्रशनं झाडायचे, पँटच्या दुमडी उलट्या करायच्या, खिसे तपासायचे. उपटणाऱ्या दोघी जावा आहेत, थोरली आणि धाकटी. थोरली कमी बोलते, धाकटी तिच्या वाटचंही बोलते. पहिल्याच दिवशी धाकटीनं मला विचारून घेतलं, की नव्या बाई निरीक्षक म्हणून नुसत्या बघणार, की हातपण लावणार. मी पदर खोचला. दुपारपर्यंत अर्धा चौकोन माझ्या एकटीच्या नावावर होता.

दोघी मध्येमध्ये बसतात मात्र फार. पाच मिनिटं म्हणून बसतात आणि वेलीकडे बघत राहतात. शिस्त लावावी लागेल.

११ मार्च

जुन्या फायली वाचल्या. धूळ नाकात गेली, पण मजा आली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इस्पितळाची भिंत झाकायला कुणी हौशी माणसानं परदेशातून हिची रोपं मागवली. त्या वेळच्या माळ्याच्या नोंदी वाचून हसू आवरेना. वेल जगत नाही, पानं पिवळी पडतात, खत द्यावं का, सावली करावी का, असं तो बिचारा दर महिन्याला विचारतो. पोटच्या पोरीसारखी जपली त्यानं. पुढची तीस वर्षं ती भिंतीपुरतीच राहिली. कुणाला वाटलंही नाही, की ही काही करील.

मग रस्ता रुंद करायला टेकडी खणली. उघडी, उकरलेली माती मिळाली आणि पाहुणी घरची झाली.

कारणं साधीच आहेत, भुताटकी काही नाही. तिच्या मूळ मुलखात एक भुंगा तिची खोडं पोखरतो, एक बुरशी पानं खाते, त्यामुळे ती तिथे गुमान राहते. इकडे येताना वेल आली, भुंगा मागे राहिला. इथल्या किड्यांना तिची चव कळत नाही, शेळ्या हुंगतात आणि नाक मुरडून पुढे जातात. मुळांतून काहीतरी झिरपतं, त्यानं शेजारची झाडं खुरटतात. आणि वर माणसं आहेतच, इकडची फांदी तिकडे नेणारी. थोडक्यात, जिला शत्रू नाही तिनं कशाला थांबायचं? अहवालात हे वाक्य घालणार आहे. शत्रू म्हणून माझी पगारी नेमणूक झालीय, हे लेकीला सांगितलं तर ती खूप हसली.

२० मार्च

माझ्या आधीच्या निरीक्षक साहेबांना भेटून आले. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत साहेब, आणि खिडकीवर आतबाहेर वेल. मी चमकले. या माणसानं अकरा वर्षं हीच वेल काढली. त्यांच्या बायकोनं सांगितलं, ह्यांना सावली बरी वाटते, म्हणून राहू दिलीय. आजार काही नाही, सगळ्या तपासण्या झाल्या, नुसता थकवा आहे. ती सांगतासांगता स्वतःच भिंतीला टेकली.

त्यांचा पहिल्या वर्षाचा अहवाल दोनशे पानांचा आहे, मी वाचलाय, उत्तम आहे. पाचव्या वर्षाचा बारा पानांचा. शेवटचा एका ओळीचा: काम चालू आहे.

माझ्याशी फारसं बोलले नाहीत. दुपारी झोप येते का, एवढं विचारलं. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, खुंट्यांचं एक बघा. काय बघू विचारलं, तर त्यांनी तोंड उघडलं, आणि राहू दे म्हणून हात हलवला. मी चहा संपवून निघाले.

२ एप्रिल

दुपारी झोप येते.

सहा वर्षं रात्री जागून काढल्या, ते कधीतरी अंगावर येणारच. शरीर हिशेब ठेवतं, असं म्हणून स्वतःची समजूत घातली. तरी डॉक्टरांकडे गेले. रक्त चांगलं, दाब चांगला, हृदय तरण्या पोरीचं. डॉक्टर हे सांगताना तीनदा जांभई देऊन माझी माफी मागत होते. म्हणाले, या गावाची हवाच सुस्त आहे, सगळेच थकलेले येतात. त्यांच्या खिडकीवरही पाहुणी होती. तिच्या सावलीनं पंखा लागत नाही म्हणाले.

माझ्या खिडकीवरची आठवड्यापूर्वी छाटायला हवी होती. उद्या नक्की छाटते.

१४ एप्रिल

आज एक शोध लागला. लागायला नको होता.

साहेबांचे नकाशे टेबलावर पसरले. साफ केलेले चौकोन निळे, पुन्हा माजलेली वेल लाल. साफ केलेल्या जागी वेल परतते, हे सगळे जाणतात. पण ती कडेनं आत येत नाही. प्रत्येक चौकोनात ती चार ठिपक्यांपासून सुरू होते. चार कोपरे. टेकडीच्या ज्या माथ्यावर मुळात वेल नव्हतीच, तिथे साहेबांनी तुलनेसाठी नुसताच एक चौकोन आखला होता. तिथेही चार लाल ठिपके, दुसऱ्याच वर्षी.

मुकादमांना बोलावून खुंट्या कसल्या करतात ते विचारलं. त्यांनी सरळ मनानं सांगितलं. डेपोतून लाकडी खुंट्या यायच्या, त्या संपल्या. आणायला शहरात जावं लागतं, त्याचा सगळ्यांना कंटाळा आला. वेलीचं जून खोड चांगलं मजबूत असतं, आयतं हाताशी असतं. तेच वीतभर कापायचं, टोक करायचं, ठोकायचं. बूट झाडायचे, खिसे झाडायचे, खुंट्या मात्र जागच्या जागी. कारण निरीक्षक येऊन चौकोन तपासेपर्यंत खुंटी काढायची नाही, असा खात्याचाच नियम आहे. आणि निरीक्षक दमलेले असायचे. यायचे नाहीत.

किती वर्षं असं चाललंय, विचारलं. नऊ वर्षं झाली असतील, म्हणाले.

नऊ वर्षं आम्हीच तिची लावणी करतोय. माती खणून, भुसभुशीत करून, दहा पावलांच्या अंतरावर. माझ्या सहीनंही एकतीस चौकोन झाले. मुकादमांचा चेहरा पडला. मी त्यांना रागावणार होते, पण दोघंही तिथेच खुर्च्यांवर बसून राहिलो. मग अंधारून आलं आणि आपापल्या घरी गेलो.

१८ एप्रिल

खुंट्यांऐवजी लोखंडी सळया आणायला स्वतः शहरात गेले. तीन तासांचा प्रवास. डेपोत दोन जिने धडाधड चढले, वर पोचल्यावर लक्षात आलं, की मला धाप लागलेली नाही. पोटभर जेवले. डेपोच्या साहेबांशी भांडून सळया मंजूर करून घेतल्या. दुकानात बाळासाठी टोपरं घेतलं, पिवळं. किती दिवसांनी बरं वाटलं, असं मनात आलं.

परत येऊन घराचं कुलूप उघडलं आणि हातपाय गळाले. तशीच चपलांसकट पलंगावर बसले.

वय नाही. जागरणं नाहीत. ही आहे. तिच्या मुळांतून झिरपतं त्यानं गवत खुरटतं, आणि पानांतून जे काही येतं त्यानं आम्ही. मला याचं शास्त्र ठाऊक नाही, पण गावभर खिडक्यांशी खुर्च्या मांडलेल्या आहेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शत्रू नाही, असं मी अहवालात लिहिलं होतं. शत्रू होता. तो बसलाय.

उद्या खिडकी साफ करते. मग बाकीचं.

२ मे

सळया आल्या. अंगणात पडून आहेत. दोन मी ठोकल्या. मग दम लागला.

खात्याला सविस्तर पत्र लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्या. त्या चांगल्या आहेत, पुढच्या उद्या.

९ मे

धाकटी चार दिवस आली नाही. थोरलीला विचारलं, तर म्हणाली, घरी बसलीय. आजारी आहे का? नाही, बसलीय.

घरी गेले. जाताना दोनदा टेकावं लागलं. धाकटी ओसरीत होती, तोंडानं सदा टकळी चालू असलेली पोर. मला बघून हसली. काय गं, म्हटलं, कामाला हात लावणार की नुसती बघणार. तिला ते आठवलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ते पुसायला हात उचलला आणि मध्येच मांडीवर ठेवून दिला. मी पुसलं.

मग तिच्या शेजारी थोडं बसले. सावली खरंच चांगली असते.

२० मे

लेकीचा फोन. आवाज कसा येतोय तुझा, म्हणाली. म्हटलं, ऊन फार आहे.

पिवळं टोपरं उशाशी ठेवलंय. रोज बघते. पंधरा जून. पंधरा जून.

खिडकीत आता उजेड नाही. हिरवं दिसतं सगळं. कात्री कुठे ठेवली ते माहीत आहे. टेबलावर आहे. इथून दिसते.

३ जून

ठरलं. थांबले तर साहेबांसारखी खुर्चीत संपेन. लेकीकडे जायचं, उद्याच. दहा दिवस आधी. दूर गेलं की बरं वाटतं, डेपोत वाटलं होतं.

आज दिवसभरात एवढं केलं: कपडे गरम पाण्यात. स्वेटर दोनदा. बूट ब्रशनं, शिवणीसुद्धा. खिसे उलटे. बॅगेचे कोपरे सुईनं. एक पेर, एक कण तिकडे जाता कामा नये. जावयांनी भाजीसाठी माती खणून ठेवलीय घरापुढे. तिला हवी तशीच.

बसस्टँडपर्यंत चालवणार नाही म्हटलं, तर मुकादम काठी घेऊन आले. दारात बसले, टोक नीट करून दिलं. चांगली आहे. जाड. हाताला बरोबर बसते, जरा ओलसर लागते.

निघताना म्हणाले, बाई, तुम्ही सुटा. लेकीला आशीर्वाद सांगा.

५ जून

पोचले. रडले थोडी. लेकही.

पोट केवढं झालंय तिचं. हात ठेवून बघ म्हणाली. आतून अशी लाथ बसली की मी हात मागे घेतला. तिघं हसलो.

७ जून

अंगात त्राण आलं. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून आले, काठीशिवाय. स्वयंपाक केला. जावयांना म्हटलं, काठी आता टाकून द्या. ते म्हणाले, चांगली काठी का टाकायची, घेवड्याच्या वेलाला आधार होईल. कुठे तरी खोचली असेल.

खात्याला पत्र पुरं लिहिलं. आठ पानं. खुंट्यांचं सगळं. पोस्टात टाकून आले. आता जीव भांड्यात पडला.

१५ जून

ठरल्या दिवशी मी इथे आहे आणि धडधाकट आहे. लिहून ठेवलं होतं, मोडलं नाही.

लेक दुपारी झोपली तीन तास. बरंच आहे, या दिवसांत झोपावंच.

१९ जून

लेक सकाळीही झोपते. जावई आज कामावर गेले नाहीत. कंटाळा आला म्हणाले. कधी नव्हे ते.

माझा पाय जरा जड वाटतो. काल भाजी निवडायला फार वेळ बसले, म्हणून—

२३ जून

पुढच्या दारात बसून चहा घेतला तिघांनी. घेवडा वाळलाय. सगळी भाजी खुरटली. माती नवी आहे, म्हणाले जावई. त्यांना काठीच्या बाजूला गारवा वाटतो, खुर्ची तिकडेच ओढली.

काठी—

२४ जून

पानं आहेत. मी मोजली. सात. जाड, गडद.

शिवणीसुद्धा घासल्या होत्या. सुईनं कोपरे. आणि मी तिच्यावर टेकून चालत आले, तीन तास मांडीवर धरून बसले—

मुकादमांनी मुद्दाम नाही केलं. हाताशी होतं ते दिलं. मीही घेतलं. आम्हाला कुणाला दिसलंच नाही.

मी आणली. मीच.

उपटायचं. मुळासकट. उद्या सकाळी ऊन व्हायच्या आत.

२६ जून

उपटायचं.

लेक म्हणाली, बाळ कालपासून हललं नाही. शांतपणे म्हणाली. झोपलं असेल, म्हणाली. मी म्हटलं दवाखान्यात चल, आत्ता चल. उद्या जाऊ ना गं आई, म्हणाली. जावई हो म्हणाले. उद्या.

काठीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं मी. दोघांनी ऐकलं. मान हलवली. छान सावली आहे, म्हणाले.

मागच्या खेपेला उठून जाता आलं नव्हतं. या वेळी इथून दारापर्यंत आठच पावलं आहेत. मोजलीत. आठ. दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे, ओरडलं तरी कुणी येईल—

आधी काठी. नाही, आधी लेक. तिचा हात धरून—

ती खुर्चीत आहे, मला दिसतेय. डोळे मिटलेत. पोटावर पिवळं टोपरं.

उठते. एवढी ओळ झाली की उठते. थोडं टेकून, मग